आठवड्याचं इंजेक्शन आलं कुठून?

सांगली-मिरजेच्या औषध दुकानांत हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो : "ते आठवड्याचं वजनाचं इंजेक्शन आहे का?" विचारणाऱ्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असतेच असं नाही. कुणाच्या घरी लग्न तोंडावर आलेलं असतं, तर कुणाला पाहुण्यातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं. हे इंजेक्शन म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड नावाचं औषध. मला या प्रश्नाची काळजी वाटते. औषध वाईट आहे म्हणून नव्हे. ते कशासाठी जन्माला आलं, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं म्हणून.

वजन उतरवणाऱ्या औषधांचा जुना इतिहास भीतीदायक आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन लोक सर्रास घेत. अंगातली उष्णता बेसुमार वाढून माणसं दगावली, काहींना मोतीबिंदू झाला. १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून तिथल्या बाजारातून काढून घ्यावं लागलं. सिबुट्रामिन तर आपल्याकडेही विकलं जात होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली.

आजची इंजेक्शनं या वाटेनं आली नाहीत. त्यांचं मूळ मधुमेहाच्या संशोधनात आहे. नसेतून ग्लुकोज दिलं तर जेवढं इन्सुलिन स्रवतं, त्यापेक्षा तोंडावाटे दिल्यावर जास्त स्रवतं, हे १९६०च्या दशकात दिसून आलं. म्हणजे आतडंच स्वादुपिंडाला काहीतरी निरोप धाडत असणार. त्या निरोप्यांपैकी एक जीएलपी-१ हे संप्रेरक. १९८०च्या दशकात जोएल हाबेनर, स्वेतलाना मोयसॉव्ह, डेन्मार्कचे येन्स होल्स्ट अशा संशोधकांनी त्याचा उलगडा केला. मोयसॉव्ह यांचं श्रेय बरीच वर्षं झाकलेलं राहिलं. २०२४ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीच्या लास्कर या मोठ्या पुरस्कारात त्यांचं नाव आलं, तेव्हा बरं वाटलं.

अडचण अशी की हे संप्रेरक रक्तात दोन-चार मिनिटंच टिकतं. वाट दाखवली ती गिला मॉन्स्टर या अमेरिकेतल्या विषारी सरड्यानं. जॉन एंग यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या विषात जीएलपी-१ सारखाच, पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला. त्यातून २००५ मध्ये दिवसातून दोनदा टोचायचं एक्झेनेटाइड आलं. पुढं रोजचं लिराग्लुटाइड आलं आणि मग आठवड्यातून एकदाच घ्यायचं सेमाग्लुटाइड. मधुमेहींचं वजनही उतरतंय, हे या प्रवासात ध्यानात येत गेलं. भूक मंदावते, पोट सावकाश रिकामं होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. टिर्झेपेटाइड या आठवड्याच्याच दुसऱ्या इंजेक्शनाचे आकडे त्याहून मोठे. ते भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षीच्या जूनमध्ये.

औषधाच्या माहितीपत्रकात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) ३० ची अट असते, किंवा सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार असेल तर २७ ची. आपल्या माणसांत मात्र चरबी लवकर पोटावर साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक दिसणारा पण चरबीयुक्त' भारतीय जगासमोर मांडला, तो याच अर्थानं. म्हणून इथं २५ लाच लठ्ठपणा धरतात. औषध द्यायचं की नाही हा निर्णय नुसत्या काट्यावर होत नाही, त्याला डॉक्टर लागतो.

डॉक्टर लागतो याची आणखीही कारणं आहेत. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता या तक्रारी नेहमीच्याच. पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे गेली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जावं. घरात कुणाला मेड्युलरी नावाच्या प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल तर हे औषध नको. गरोदरपणातही नको, आणि दिवस राहू द्यायचे असतील तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद करावं लागतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. आणि लग्नापुरतं घेणाऱ्यांसाठी : सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं, असं २०२१च्या त्या चाचणीच्या पुढच्या पाहणीत दिसलं.

साठवणीचंही बघायला हवं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फ्रीजबाहेर ठेवायची सवलत असते ती ठरावीक दिवसांची आणि ३० अंशांपर्यंतचीच. सांगलीचा एप्रिल-मे त्याच्या बराच वर जातो. मिरजेहून जतला एसटीनं नेताना थंड पिशवी हवी, पण बर्फाला चिकटवून नको. एकदा गोठलेलं इंजेक्शन वितळवून वापरायचं नाही, टाकूनच द्यायचं.