केसपेपरवरचा ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द आणि वॉर्डाचं दार

१९८८ साली ग्लिन लुईस आणि लुई ॲपलबी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी २४० सहव्यावसायिकांना एका रुग्णाची हकीकत वाचायला पाठवली. माणूस उदास आहे, डोक्यावर कर्ज आहे, मरणाचे विचार येतात. काही प्रतींत हकीकत तीच ठेवून एक वाक्य जास्त घातलं होतं: याला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं (भावना, वागणं आणि नाती यांची घडीच दीर्घकाळ बिघडलेली असण्याचं) निदान झालेलं आहे. तेवढ्या एका वाक्याने उत्तरं फिरली. तोच माणूस आता त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा, डॉक्टरांना खेळवणारा वाटू लागला. मरणाचे विचार त्याच्या ताब्यात आहेत आणि उपचारांवर त्याचा हक्क जरा कमीच आहे, असा उत्तरांचा सूर होता. लुईस आणि ॲपलबी यांनी लिहिलं की हे निदान नव्हे, हा कायमचा चिकटलेला शेरा आहे, आणि ही संकल्पनाच सोडून द्यावी.

ती सोडली गेली नाही. पण हा शेरा आला कुठून आणि रुग्णालयाच्या रोजच्या कामात तो मुरला कसा, हे कळल्याशिवाय आजचे वाद कळत नाहीत. इथे भर व्यक्तिमत्त्व विकाराच्या बॉर्डरलाइन प्रकारावर आहे, कारण वॉर्डात सगळ्यात जास्त खटके याच निदानाभोवती उडतात. भावनांचा पारा काही मिनिटांत चढणं-उतरणं, जवळचं माणूस सोडून जाईल ही जीवघेणी भीती, आतलं रितेपण, स्वतःला इजा करून घेणं, ही त्याची ओळखीची लक्षणं.

सुरुवातीला हा प्रश्न ‘वेड आहे, पण बुद्धी शाबूत आहे’ अशा रुग्णांचा होता. फ्रान्समध्ये फिलिप पिनेलने १८०१ मध्ये भ्रमाशिवायच्या उन्मादाचं वर्णन केलं. इंग्लंडमध्ये जेम्स प्रिचर्डने १८३५ मध्ये ‘मॉरल इन्सॅनिटी’ हा शब्द रूढ केला. त्या काळी ‘मॉरल’चा अर्थ भावना आणि वर्तन यांच्याशी संबंधित असा बराच रुंद होता. पुढे तो आक्रसून नीतीपुरता उरला आणि आजाराला चारित्र्याचा वास लागला. जर्मनीत कॉख यांनी १८९१ मध्ये ‘मनोविकृत न्यूनता’ म्हणून तो वास अधिकृतच केला. बॉर्डरलाइन हा शब्द न्यूयॉर्कच्या ॲडॉल्फ स्टर्न यांच्या १९३८ च्या निबंधातून रुळला. जे रुग्ण ना मज्जाविकृतीत (न्यूरोसिस, म्हणजे चिंता-भीतीसारखे विकार) बसत ना चित्तविकृतीत (सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं), आणि कोचावरच्या मनोविश्लेषणाने ज्यांना बरं वाटत नसे, ते ‘सीमेवरचे’. म्हणजे नाव पडलं तेच मुळी उपचार करणाऱ्याच्या अडचणीवरून. अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत सूचीत ते १९८० मध्ये आलं. १९९४ पासून नऊपैकी पाच लक्षणं असली की निदान होतं. त्यामुळे दोन रुग्णांत एकच लक्षण सारखं असूनही दोघांच्या केसपेपरवर एकच शब्द पडू शकतो.

इंग्लंडमध्ये यात कायद्याची भर पडली. १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘सायकोपॅथिक डिसऑर्डर’ हा वेगळा वर्ग आला. १९८३ च्या कायद्याने त्याला अट जोडली: या वर्गातल्या माणसाला उपचारासाठी सक्तीने ठेवायचं तर उपचाराने सुधारणा होईल, निदान बिघाड तरी थांबेल, अशी शक्यता हवी. ही अट खरं तर माणसाला विनाकारण डांबून ठेवू नये म्हणून होती. व्यवहारात तिचा उपयोग उलटा झाला. ‘हा उपचारयोग्य नाही’ हे वाक्य जो स्वतःहून दारात आला आहे त्यालाही ऐकवलं जाऊ लागलं. २००७ च्या दुरुस्तीने तो वर्ग आणि ती अट दोन्ही काढून टाकली, पण तोपर्यंत डॉक्टरांच्या दोन पिढ्या त्या वाक्यावर शिकून गेल्या होत्या.

आता वॉर्डात येऊ, कारण शेऱ्याचं खरं घर तिथे आहे.

बाई संध्याकाळी येते आणि सांगते, आज मला माझीच भीती वाटते. तिला सांगितलं जातं की खाट नाही, घरी जा, ओपीडीच्या दिवशी या. तीच रात्री जखम घेऊन येते आणि खाट मिळते. रुग्णालयाला कुठली भाषा कळते, हे तिला रुग्णालयानेच शिकवलं. आत आल्यावर पट्टा, चार्जरची वायर, आरसा काढून घेतात; दर पंधरा मिनिटांनी डोकावणं सुरू होतं, मग हातभर अंतरावर माणूस बसवतात. लक्ष धोक्यावर असतं, बोलणं कुणाशीच होत नाही. तगमग वाढते, तशी बंधनं वाढतात. जरा शांत झाली की ‘बरी आहे’ म्हणून डिस्चार्ज लिहिला जातो. म्हणजे बरं दिसणं आणि आधार तुटणं एकाच सकाळी घडतं. म्हणून आदल्या रात्री पुन्हा काहीतरी होतं आणि सिस्टरच्या नोंदवहीत शब्द पडतो: नाटक. यात कुणी दुष्ट नसतं. पण या क्रमाने कुणालाही नेलं तर तो तसाच वागेल.

कर्मचाऱ्यांच्या बाजूचं सर्वांत प्रामाणिक निरीक्षण टॉम मेन यांचं आहे. लंडनजवळच्या कॅसल रुग्णालयाचे ते प्रमुख. तिथल्या परिचारिकांशी दीर्घ चर्चा करून त्यांनी १९५७ मध्ये लिहिलं की झोपेचं औषध रुग्णाच्या गरजेपेक्षा परिचारिकेची सहनशक्ती संपली की दिलं जाई. चिंता, चीड, अपराधीपणा, हताशा यांपैकी काहीतरी तिला आवरेनासं झालं की सुई निघे, आणि देताना मात्र ती मनापासून समजे की हे रुग्णासाठी आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. काही रुग्णांभोवती कर्मचाऱ्यांत दोन तट पडत: ‘हिला फक्त मीच समजते’ म्हणणारे आणि ‘तुम्ही हिला डोक्यावर चढवलंय’ म्हणणारे. पुढे या फुटीचं खापर बहुतेकदा रुग्णाच्याच डोक्यावर फुटलं. ‘ही स्टाफमध्ये फूट पाडते’ हा वॉर्डातला ठरीव वाक्प्रचार झाला.

कॅज्युअल्टीतलं चित्र याहून कठोर होतं. स्वतःला इजा करून आलेल्यांना भूल न देता टाके घातल्याच्या तक्रारी ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं येत राहिल्या. समर्थन ठरलेलं: स्वतः कापून घेताना दुखलं नाही, मग आता काय? अखेर २००४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत टाके घालताना पूर्ण वेळ पुरेशी भूल किंवा वेदनाशामक द्यावं, असं वेगळं वाक्य घालावं लागलं. एवढी उघड गोष्ट कागदावर लिहावी लागते, यावरून तिची गरज किती होती ते कळतं. आणि ‘नाटक’ समजण्यातला वैद्यकीय धोकाही खरा आहे. काही विषबाधांत पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो आणि यकृताचं नुकसान नंतर कळतं. जुन्या पाठपुराव्यांत या रुग्णांपैकी १० टक्क्यांपर्यंत लोक आत्महत्येने गेलेले आढळले आहेत.

याच्या उलटं करून पाहणारी एक जागा होती: सरे परगण्यातलं हेंडरसन रुग्णालय. १९४७ मध्ये बेलमाँट रुग्णालयातला एक विभाग म्हणून मॅक्सवेल जोन्स यांनी ते उभं केलं, १९५९ मध्ये हे नाव मिळालं. खाटा २९. सक्तीचा एकही रुग्ण नाही, मनोविकाराचं एकही औषध नाही, मुक्काम जास्तीत जास्त वर्षभर. रोज सकाळी सगळ्यांची सभा. नव्या माणसाला घ्यायचं का, नियम मोडणाऱ्याला ठेवायचं का, हे मतदानाने ठरे आणि निवासींची, म्हणजे तिथे राहणाऱ्या रुग्णांची, मतं कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त असत. रात्री कुणी स्वतःला इजा केली तर दुसऱ्या दिवशी त्याला सर्वांसमोर बसून सांगावं लागे की काय झालं, कुणाला हाक मारता आली असती. इजेने खास लक्ष मिळत नसे, प्रश्न मिळत. १९९६ मध्ये २४ निवासींचा हिशेब प्रसिद्ध झाला: येण्याच्या आदल्या वर्षी एकेकावर सरासरी १३,९६६ पौंड सरकारी खर्च झाला होता, बाहेर पडल्यानंतरच्या वर्षी १,३०८ पौंड. संख्या लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे मान्य. तरीही ‘यांच्यावर खर्च वाया’ या समजाला आकड्याने दिलेलं ते उत्तर होतं. २००८ मध्ये हेंडरसन बंद झालं. कारण उपचार नव्हे, पैशाची वाट: खर्चाचा निर्णय स्थानिक संस्थांकडे गेला आणि दूरच्या रुग्णालयात माणूस पाठवायला त्या तयार होईनात. हा तोटा आजही भरून निघालेला नाही.

उपचार होतात, हे चाचणीने दाखवण्याचं काम दोन ठिकाणी झालं. अमेरिकेत मार्शा लिनेहान यांनी १९९१ मध्ये डीबीटी (डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी) या मानसोपचार पद्धतीची पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, अडीच तासांचा कौशल्यवर्ग, मध्ये फोनवर मदत, आणि उपचारकांची स्वतःची साप्ताहिक बैठक. ही बैठक अनेक ठिकाणी वेळेअभावी गाळली जाते आणि मग उपचारक थकून रुग्णाला दोष देऊ लागतात; मेन यांनी पाहिलेली गोष्ट नव्याने घडते. फोनचा नियम वॉर्डाच्या गणिताला नेमका छेद देतो: इजा करण्याआधी फोन केला तर मदत, इजा केल्यानंतर चोवीस तास फोनवरचं शिकवणं बंद (जिवाचा धोका असेल तर अर्थातच अपवाद). लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात त्या स्वतः रुग्ण होत्या. सव्वीस महिन्यांच्या मुक्कामातला बराच काळ एकांतकोठडीत गेला. त्यांच्या पद्धतीत रुग्णाच्या वेदनेला आधी ‘हे खरं आहे’ म्हणायचं आणि मग बदल मागायचा, असा क्रम आहे.

दुसरं ठिकाण उत्तर लंडनचं सेंट ॲन्स रुग्णालय. बेटमन आणि फोनागी यांनी १९९९ मध्ये ३८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. रात्री घरी, दिवसा रुग्णालयात, अठरा महिने. भर एकाच गोष्टीवर, समोरच्याच्या आणि आपल्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेण्यावर. आठ वर्षांनंतरच्या पाहणीत या गटातल्या २३ टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातल्या ७४ टक्क्यांनी. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातून दाखल झालेल्या २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा दहा वर्षांचा पाठपुरावाही महत्त्वाचा: ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या पातळीखाली राहिली. नोकरी आणि नाती यांची घडी मात्र निम्म्यांचीच बसली.

मग धोरण हललं. जानेवारी २००३ मध्ये इंग्लंडच्या सरकारी दस्तऐवजाने जाहीर केलं की हे निदान यापुढे नकाराचं कारण असणार नाही. तेव्हा सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांपैकी, म्हणजे ट्रस्टपैकी, सहांतल्या जेमतेम एकीकडे यासाठी स्वतंत्र सेवा होती. २००९ च्या सूचनांनी तपशील दिले: या विकारासाठी म्हणून औषध देऊ नये, संकटात शामक दिलंच तर एका आठवड्यापेक्षा जास्त नाही, तीन महिन्यांहून छोटी मानसोपचाराची मालिका देऊ नये, दाखल करताना मुक्काम किती हे आधी ठरवावं. वाट सरळ मात्र नव्हती. वारंवार मदत मागणाऱ्यांच्या प्रकरणांत पोलिसांना बसवणारी ‘सिम’ नावाची योजना नंतर अनेक ट्रस्टनी उचलली. २०२१ मध्ये रुग्णांच्याच मोहिमेने ती वादात आणली.

वॉर्डाचं चक्र तोडणारी सगळ्यात साधी कल्पना नेदरलँड्समध्ये वापरात आली आणि दक्षिण स्वीडनच्या स्कोने भागात २०१५ पासून तपासली गेली. रुग्णाने शांत असताना वॉर्डाशी लेखी करार करायचा. गरज वाटली की त्याने स्वतः फोन करून यायचं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. जास्तीत जास्त तीन दिवस, महिन्यातून तीनदा. आपली औषधं आपणच आणायची आणि घ्यायची, रोज परिचारिकेशी दोन ठरलेली छोटी संभाषणं. १२५ जणांच्या चाचणीत दाखल राहण्याचे एकूण दिवस तुलनेच्या गटापेक्षा कमी झाले नाहीत, हे सांगायलाच हवं. पण खाट मिळण्यासाठी जखम दाखवावी लागली नाही.

महाराष्ट्रातला धागा कायद्यातून येतो. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झालेला माणूस, असा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मुळे, अनेक दशकं रुग्ण आणि आरोपी दोन्ही होता. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) नोंद आणि पोलिसाचा जबाब हा उपचाराचाच भाग वाटे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरून शिक्षेतून सोडवला आणि त्याची काळजी सरकारवर टाकली. या कायद्यातली मनोविकाराची व्याख्या विचार, भावस्थिती, आकलन, दिशाभान आणि स्मृती एवढंच मोजते. व्यक्तिमत्त्वाचा शब्द तिथे नाही. पण कलम ३ जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाकडे बोट दाखवतं, आणि जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या त्याच्या अकराव्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्व विकार आहेच. तिथे जुने प्रकार जाऊन सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या आल्या. बॉर्डरलाइन फक्त जोडखूण म्हणून उरला.

आपल्याकडची एक अडचण मात्र परदेशी चाचण्यांत सापडत नाही. जनरल हॉस्पिटलच्या मनोविकार वॉर्डात बहुतेकदा ‘सोबत नातेवाईक हवा’ असं सांगतात. ज्या घरातल्या भांडणातून संकट उभं राहिलं, त्याच घरातलं माणूस मग खाटेशेजारी स्टुलावर बसतं, आणि रात्री वॉर्डात तेच भांडण पुढे चालू होतं. याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८६ नुसार सज्ञान माणूस स्वतःच्या अर्जावर दाखल होऊ शकतो, नातेवाइकाच्या संमतीची अट त्यात नाही. कलम ५ नुसार कसे उपचार हवेत आणि कसे नकोत हे आधी लिहून ठेवता येतं, आणि कलम १४ नुसार आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण हेही ठरवता येतं. तो भाऊ किंवा नवराच असला पाहिजे असं नाही. स्वीडनमधल्या करारासारखा कागद या तीन कलमांवर आजही लिहिता येईल: कोणता वॉर्ड, किती दिवस, कुणाला कळवायचं, कुणाला शेजारी बसवायचं नाही.