मेंटॉर-मेंटीच्या फाईलमागची गोष्ट

मराठवाड्यातल्या बहुतेक कॉलेजात आता मेंटॉर-मेंटीची फाईल असते, म्हणजे एकेका सर-मॅडमकडं काही पोरं सोपवतात त्याची नोंद, आणि नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, तपासणी आली म्हटलं की सगळे सर-मॅडम ती भरायला बसतात, पण हे आलं कुठून ते फार कोणी सांगत नाही.

अमेरिकेत १९३७ ला अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशननं एक अहवाल काढला, कॉलेजनं पोराचे नुसते मार्क बघू नयेत, त्याची तब्येत, पैशाची अडचण, स्वभाव हे पण बघावं असं त्यात होतं. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य, डिग्रीसाठी हैदराबाद गाठायचं आणि उस्मानिया विद्यापीठात शिकायचं तर उर्दूतून.

कॉलेजात पोरगं कसं घडतं याची खरी थिअरी साठच्या दशकात उभी राहिली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नेव्हिट सॅनफर्डचं म्हणणं, पोरगं वाढायला आव्हान पण पाहिजे आणि आधार पण, आव्हान झेपेना झालं की ते मागं सरतं आणि नुसता आधार दिला की जागचं हलत नाही. मग १९६९ ला तिकडच्याच शिक्षणतज्ज्ञ आर्थर चिकरिंगनं विकासाच्या सात दिशा मांडल्या, त्यात भावना सांभाळणं, स्वतःच्या पायावर उभं राहणं, स्वतःची ओळख, ध्येय वगैरे. अभ्यास तिकडच्या पोरांवरचा, हे विसरून आपल्याकडं तो जसाच्या तसा पीपीटीत टाकतात.

आणि खरं सांगायचं तर आव्हान-आधाराचं काम इथं त्याआधीच झालेलं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद, आणि सोबत हॉस्टेल पण उभं केलं, कारण घरात पहिल्यांदाच शिकणारं लेकरू खेड्यातून आलं तर राहणार कुठं, खाणार काय! मराठवाडा विद्यापीठ झालं ते १९५८ ला. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळ आलं ते तर २०१६ ला.

मला सगळ्यात कामाची वाटते ती अमेरिकन समुपदेशन-तज्ज्ञ नॅन्सी श्लॉसबर्गची १९८९ ची मांडणी: आपण इथं कोणाच्या खिजगणतीत आहोत का, हा पोराचा प्रश्न. बीडकडच्या ऊसतोड कामगाराची पोरगी घ्या, आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर गेले की घर, धाकटी भावंडं सगळं तीच बघते, तिला स्वावलंबनावर लेक्चर काय देता? तिच्या फाईलवर मात्र ‘पालक मेळाव्याला गैरहजर’ असा शेरा, कारण मेळावा ठेवला जानेवारीत, ऐन गळीत हंगामात. जुलैत घ्या ना, तेव्हा बहुतेक जण गावातच असतात.