कासवं फक्त कोकणची नाहीत

पुण्याहून कोकणातल्या वेळासला कासवं पाहायला निघणाऱ्यांच्या ग्रुपवर हमखास फिरणारा मेसेज: 'कासवं आपल्याच किनाऱ्यालगत राहतात, घरटी राखली की झालं.'

घरटी राखायलाच हवीत. पण ऑलिव्ह रिडले या सागरी कासवाची मादी रात्री वाळू उकरते, शंभरेक अंडी घालते, खड्डा अंगाने थोपटून बुजवते आणि समुद्रात परतते. पुढे देशांच्या हद्दी तिला कुठल्या? परक्या पाण्यात ती जाळ्यात अडकली, तर आपला १९७२चा वन्यजीव कायदा तिथे पोचत नाही. म्हणूनच हिंदी महासागर आणि आग्नेय आशियातल्या देशांचा कासवांसाठी सामंजस्य करार आहे. भारतही त्यात आहे. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय करारानेही सागरी कासवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे.

खात्री करायची तर उपग्रह टॅग लावलेल्या कासवांचे नकाशे पाहा. साइट्सचं परिशिष्ट १, म्हणजे व्यापारबंदी असलेल्या जातींची यादीही, कुणालाही वाचता येतं.