शिप्टनची कमान (तुशुक ताश)

चीनच्या शिंजियांग उइघुर स्वायत्त प्रदेशात, काशगर शहराच्या वायव्येस सु. ४० किमी. अंतरावर असलेली नैसर्गिक दगडी कमान. त्येन शान पर्वताच्या दक्षिण कडेच्या उघड्याबोडक्या डोंगरांत ती समुद्रसपाटीपासून सु. २,९७० मी. उंचीवर आहे. जगातील सर्वांत उंच नैसर्गिक कमान म्हणून तिची ख्याती आहे. उइघुर नाव तुशुक ताश, म्हणजे भोक पडलेला दगड. राजगडाच्या सुवेळा माचीवरील किंवा रतनगडावरील अशाच आरपार भोकाला आपण ‘नेढे’ म्हणतो. नाव ठेवण्याची रीत तीच. सह्याद्रीतील नेढी मात्र बेसाल्टमध्ये आहेत आणि ही कमान पिंडाश्मात, म्हणजे गोटे व वाळू यांचे थर एकत्र चिकटून झालेल्या खडकात. हा खडक सुटा होऊ लागला की त्यातले गोटे एकेक करून निखळतात. वाटेत जागोजागी पडलेला खच त्यांचाच.

काशगरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. पक्का रस्ता सोडल्यावर गाडी कोरड्या नदीपात्राच्या खडीतून जाते, पुढे पायी. घळ हळूहळू अरुंद होते, दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात आणि सावलीत एकदम गारवा जाणवतो. उभ्या टप्प्यांवर पूर्वी शिड्या लावून चढत; नंतर तेथे जिने बसवले गेले. पाणी बरोबर नेलेले बरे. घड्याळाचाही हिशेब ठेवावा लागतो: सरकारी वेळ बेजिंगची, त्यामुळे काशगरमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी तीनच्या सुमारास.

शेवटच्या चढावर कमान समोर येते तेव्हा ती फार प्रचंड वाटत नाही, कारण उत्तरेकडून येणारा माणूस दगडांच्या राशीवर पोहोचतो आणि तेथून कमानीचा माथा जेमतेम ६० मी. वर असतो. राशीच्या पलीकडच्या कडेला गेल्यावर खरा प्रकार कळतो. जमीन संपते आणि दक्षिणेची घळ पायाखाली खोल उतरत जाते. कमानीची उंची साधारण ३६५ मी. धरतात, दक्षिणेकडील घळीच्या तळापासून मोजल्यास ती साडेचारशे मीटरच्या घरात जाते. रुंदी मात्र सु. ५५ मी. एवढीच. तेव्हा ‘कमान’ म्हणण्यापेक्षा डोंगराला वरपासून खालपर्यंत पडलेली चीर म्हटले तर चित्र अधिक नेमके होईल.

स्थानिक लोकांना ती पूर्वापार ठाऊक होती. बाहेरच्या जगाला तिची माहिती दिली ती एरिक शिप्टन यांनी. १९३४ साली टिलमन यांच्यासह नंदादेवीच्या अंतर्भागात शिरलेले हेच गिर्यारोहक पुढे काशगरला ब्रिटिश वाणिज्यदूत होते. दक्षिणेकडून शिरण्याचे त्यांचे प्रयत्न अरुंद घळींच्या गुंत्यात फसले. १९४७ साली ते उत्तरेकडून कमानीपर्यंत पोहोचले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात तिची हकीकत आहे, पण त्यानंतर ती पाश्चात्त्यांच्या विस्मरणात गेली. तिची जागा कोणाला नक्की दाखवता येईना म्हणून गिनीजच्या विक्रमांतूनही ती गळाली, असे सांगतात. मे २००० मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या पाठबळाने गेलेल्या मोहिमेने ती पुन्हा ‘शोधली’. दक्षिणेची वाट आजही दोर व साधने घेऊन चढणाऱ्यांचीच आहे.