सिझेरियननंतर ताप हटत नसेल तर

सिझेरियनला चार-पाच दिवस झाले, अँटिबायोटिक सुरू आहे, टाके कोरडे आहेत, तरी ताप उतरत नाही. घरात कुणीतरी म्हणतंच, "दूध भरल्याचा ताप असेल." असेलही. पण डॉक्टरांनी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन सांगितलं असेल, तर चालढकल करू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली. म्हणजे हा प्रश्न घरोघरचा आहे.

आधी सोनोग्राफी होते. वारेचा तुकडा आत राहिलाय का, टाक्यांखाली रक्त साठलंय का, हे तीत पाहतात. मात्र नुकतंच ऑपरेशन झालेल्या पोटाचं चित्र फसवं असतं. मूत्राशय आणि गर्भाशयाची शिवण यांच्यामध्ये रक्ताची लहानशी गाठ, गर्भाशयात हवेचे थोडे बुडबुडे, शिवणीभोवती सूज हे सगळं ठणठणीत बाळंतिणीतही दिसतं. तीच गाठ मोठी असेल, तिच्यात हवा दिसत असेल आणि ताप हटत नसेल, तर पू झाल्याची शंका येते. म्हणून नुसता रिपोर्ट वाचून घाबरून जाऊ नका. तो बाळंतिणीला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच वाचायला हवा.

सीटीचं खरं मोल कळतं ते अंडाशयाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावर. हा त्रास बहुतेकदा उजव्या बाजूला होतो, त्यामुळे अपेंडिक्स वाटू शकतो. सोनोग्राफीत ही शीर आतड्यातल्या वायूआड लपते. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटीत मात्र ती ओटीपोटातून वर जाणाऱ्या फुगलेल्या नळीसारखी दिसते: कडा उजळ, आत काळपट गुठळी. ती वर सरकून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून अँटिबायोटिकच्या जोडीला रक्त पातळ करणारं औषध देतात.

सीटीच्या औषधाच्या धास्तीनं अंगावरचं दूध पिळून फेकून देतात, हे पाहून वाईट वाटतं. त्या औषधाचा 1 टक्क्याहूनही कमी भाग दुधात उतरतो आणि त्यातलाही अगदी थोडा बाळाच्या रक्तात जातो. स्तनपान थांबवायची गरज नाही, असंच अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी सांगतं.

आणि पुढच्या वेळी दिवस गेले, की सोनोग्राफी लवकर करून घ्या. गर्भ कधीकधी जुन्या शिवणीच्या व्रणातच रुजतो. हे सुरुवातीच्या आठवड्यांत कळलं, तर मोठा रक्तस्राव टाळता येतो.