शॉटगनला नेम धरावा लागत नाही, हा गैरसमज

"शॉटगनला नेम कशाला? समोर रोखायची आणि झाडायची." घराच्या रक्षणासाठी स्वस्तातली पंप-ॲक्शन शॉटगन (नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे-पुढे ओढून काडतूस चढवायची छर्ऱ्यांची बंदूक) घ्यायला निघालेल्या माणसाला हे हमखास ऐकवलं जातं. ते साफ चुकीचं आहे, आणि धोक्याचंही.

१२ बोअरच्या डबल-ऑट बकशॉट (मोठ्या छर्ऱ्यांच्या) काडतुसात साधारण ८-९ छर्रे असतात, प्रत्येक सुमारे ८.४ मिलिमीटरचा. नळीतून सुटताच ते खोलीभर पसरत नाहीत. चार-पाच मीटरवर त्यांचा झुबका जेमतेम तळहाताएवढा असतो. म्हणजे नेम चुकला तर सगळेच छर्रे चुकतात, आणि जिप्सम बोर्डाची भिंत सहज भेदून शेजारच्या खोलीत जातात. तिथे मूल झोपलेलं असू शकतं!

तेव्हा 'आखूड नळी जास्त पसरते' म्हणून आखूड नळी घेऊ नका. पसरण्यावर खरा परिणाम चोकचा (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागाचा) आणि काडतुसाचा होतो. दस्ता खांद्यात नीट बसतो का, ते आधी पाहा. मॉसबर्ग कंपनीची मॅव्हरिक ८८ ही पंप-ॲक्शन स्वस्त आहे आणि कामाला पक्की. मात्र कुठलाही पंप अर्धवट ओढला तर पुढचं काडतूस नळीत चढत नाही. सरावाच्या काडतुसांचा आणि कुलपाच्या कपाटाचा खर्च बंदुकीच्या किमतीतच धरा.