देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब

जुना ६० वॉटचा बल्ब द्यायचा जवळपास तेवढाच उजेड आता ९ वॉटचा एलईडी देतो. जुन्या बल्बातली टंगस्टनची तार तापून लखलखायची आणि बहुतेक वीज उष्णतेतच जायची. एलईडीतली चिप निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळा फॉस्फर, म्हणजे प्रकाशाचा रंग बदलणारा लेप, तो पांढरा करतो. निळा एलईडी साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

घरातले सगळे दिवे बदलून झाले, तरी एकदा देव्हाऱ्यात डोकावा. तिथला लाल झिरोचा बल्ब जुन्या तारेचा असेल, तर तो १५ वॉटच्या आसपास घेतो आणि बारा महिने चोवीस तास जळतो. महिन्याचे झाले जवळपास ११ युनिट. ओटीवरचा ९ वॉटचा दिवा रोज पाच तास लावला, तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. म्हणजे असे आठ दिवे एका झिरोच्या बल्बात बसतात! बिल वॉटवर नाही, वॉट गुणिले तासांवर ठरतं. वॉट आपण कमी केले, तास तसेच राहिले.

कोकणात हे तास वाढतात ते घराबाहेर. खळ्यातला दिवा, गोठ्यातला, विहिरीकडचा, गडग्यापाशी बेड्यावरचा, म्हणजे दगडी कुंपणाच्या फाटकावरचा. रात्री पावसात तिथवर कोण जाणार? मग ते सकाळपर्यंत जळतात. म्हणून बाहेरच्या दिव्यांची लाइन वेगळी ओढून घ्यावी आणि ओटीवर एक, झोपायच्या खोलीत एक असा टू-वे स्विच बसवावा. जिन्याला असतो तोच. त्याला स्वतःला वीज लागत नाही.

स्मार्ट स्विचचं तसं नसतं. मोबाइलच्या हुकमाची वाट बघत तो अखंड जागा असतो. एकाला एक वॉट धरला, तर दहा स्विच महिन्याला सात युनिट नुसते बसून खातात. शिवाय बरेच स्मार्ट बल्ब लाइट जाऊन आली की आपोआप पेटतात. पावसाळ्यात चाकरमान्याच्या बंद घरात मध्यरात्री झगझगाट झाला, तर शेजाऱ्यांची झोप उडायचीच. 'लाइट आल्यावर बंदच राहा' अशी सेटिंग बऱ्याच बल्बांत असते, ती आधी शोधावी. मुंबईत बसून गावचे दिवे बघायचे असतील, तर बाहेरच्या लाइनवर एकच स्मार्ट स्विच पुरे. घरभर कशाला?

वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर या बाहेरच्या लाइनीला आणखी एक काम आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. रात्री वाळूतून वर आलेली पिल्लं उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतात. एरवी ते समुद्राचं असतं, पण घरांचे दिवे जास्त उजळ असले तर पिल्लं उलट जमिनीकडे वळतात. पांढऱ्या एलईडीतला निळा अंश त्यांना विशेष खेचतो. विणीच्या हंगामात किनाऱ्यालगतच्या घरांनी ही लाइन रात्री बंदच ठेवावी. दिवा लागणारच असेल, तर तो नारिंगी छटेचा, वरून झाकलेला आणि उजेड फक्त पायाखाली पाडणारा हवा.